एका मंत्रिमंडळातील दोन खाती

१९९९ च्या जून महिन्यात नेल्सन मंडेला निवृत्त झाले आणि थाबो म्बेकी दक्षिण आफ्रिकेच्या अध्यक्षपदी आले. त्यांच्या मंत्रिमंडळात आरोग्य खाते डॉ. मान्टो त्शबालाला-म्सिमांग यांच्याकडे आणि समाजकल्याण खाते झोला स्क्वेयिया यांच्याकडे सोपविण्यात आले. दोघेही आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे जुने कार्यकर्ते. वर्णद्वेषी राजवटीमुळे दोघांचीही उमेदीची वर्षे देशाबाहेर गेली. डॉ. मान्टो यांनी लेनिनग्राडला वैद्यकाचे शिक्षण घेतले, स्क्वेयियांनी लाइपझिग विद्यापीठातून कायद्याची डॉक्टरेट मिळविली. गोरगरिबांविषयी दोघांच्याही मनात कळकळ होती, याबद्दल शंका घेण्याचे कारण नव्हते. तरीही पुढील नऊ-दहा वर्षांत यांतील एका खात्याने लक्षावधी दरिद्री मुलांच्या घरी दरमहा रोख रक्कम पोचती केली, तर दुसऱ्या खात्याने हाताशी असलेले औषध मरणाऱ्या माणसांपासून दूर ठेवले. पक्ष एक, अध्यक्ष एक, तिजोरीही एक. असे असता परिणाम इतके भिन्न का व्हावेत, हा प्रश्न केवळ दक्षिण आफ्रिकेच्या इतिहासाचा नाही. जेथे जेथे गरिबांचे आरोग्य सरकारच्या हाती आहे, तेथे तो कधी ना कधी उभा राहतोच.

एक मंत्री चांगला आणि दुसरा वाईट, हे या प्रश्नाचे सोपे उत्तर झाले. ते पुरेसे नाही.

१९९४ मध्ये सत्तांतर झाले तेव्हा नव्या सरकारच्या वाट्याला वंशावंशांत आणि तथाकथित ‘मायभूमीं’त विभागलेली चौदा वेगवेगळी आरोग्य खाती आली होती. ती मोडून एक खाते उभारणे हे सामान्य काम नव्हते. मंडेला यांच्या सरकारने पहिल्याच वर्षी सहा वर्षांखालील मुलांना आणि गर्भवती स्त्रियांना सरकारी दवाखान्यांत मोफत उपचार सुरू केले. १९९६ च्या घटनेच्या सत्ताविसाव्या कलमाने आरोग्यसेवा, अन्न, पाणी आणि सामाजिक सुरक्षा यांना मूलभूत हक्कांचे स्थान दिले. भारतीय घटनेने असले बरेचसे विषय मार्गदर्शक तत्त्वांत ठेवले आहेत आणि त्यांची अंमलबजावणी न्यायालयाकरवी थेट मागता येत नाही. दक्षिण आफ्रिकेत मात्र उपलब्ध साधनांच्या मर्यादेत वाजवी पावले टाकण्याचे बंधन सरकारवर घातले गेले, आणि ती पावले वाजवी आहेत की नाहीत हे ठरविण्याचा अधिकार न्यायालयाला मिळाला. पुढील सर्व घटनांचा कणा या एका कलमात आहे.

त्याच काळात एड्सची साथ देशात पसरत होती. सरकारी प्रसूतिपूर्व तपासणीस येणाऱ्या स्त्रियांपैकी एचआयव्हीची लागण झालेल्या स्त्रियांचे प्रमाण १९९० मध्ये शेकडा एकही भरत नव्हते. १९९९ मध्ये ते शेकडा बावीसच्या पुढे गेले होते. मंडेला यांच्या काळातही या संकटाकडे द्यावे तितके लक्ष दिले गेले नाही, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. आईकडून मुलाला होणारी लागण रोखणारे एझेडटी हे औषध खर्चाच्या कारणावरून १९९८ मध्ये नाकारण्यात आले, ते डॉ. मान्टो यांच्या आधीच्या आरोग्यमंत्र्यांच्या कारकिर्दीत.

औषधे महाग होती यात मात्र खोटे काहीच नव्हते. एका रुग्णाच्या वर्षाच्या उपचारास दहा ते पंधरा हजार अमेरिकी डॉलर लागत. स्वस्त औषधांची आयात शक्य व्हावी म्हणून १९९७ मध्ये केलेल्या कायद्याविरुद्ध ३९ औषध कंपन्या न्यायालयात गेल्या होत्या. जगभर नाचक्की झाल्यावर, २००१ च्या एप्रिलमध्ये त्यांनी तो दावा मागे घेतला. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत मुंबईच्या सिप्ला कंपनीचे प्रमुख डॉ. युसुफ हमीद यांनी तीन औषधांचा एकत्रित उपचार वर्षाला ३५० डॉलरमध्ये, म्हणजे दिवसाला एका डॉलरपेक्षाही कमी खर्चात, स्वयंसेवी डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेला देऊ केला होता. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूला नव्हे, तर ते बनविण्याच्या प्रक्रियेलाच संरक्षण दिले असल्याने हे शक्य झाले. खर्चाची सबब त्या दिवसापासून लंगडी पडली.

परंतु तोवर प्रिटोरियात खर्चाचा विचार मागे पडून भलताच वाद सुरू झाला होता. एचआयव्ही या विषाणूमुळे एड्स होतो, या निष्कर्षावरच अध्यक्ष म्बेकी यांनी संशय घेतला. आफ्रिकी माणसाच्या लैंगिक वर्तनाविषयी पाश्चात्त्य जगात जे तुच्छतेने बोलले जाते त्याचा त्यांना संताप होता, आणि औषध कंपन्यांच्या हेतूंविषयी त्यांना विश्वास नव्हता. या दोन्ही भावनांना आधार होता. अपमानाची जाणीव खरी असली तरी त्यातून निघालेला वैद्यकीय निष्कर्ष खरा ठरत नाही, एवढा विवेक मात्र त्यांना राखता आला नाही. त्यांनी नेमलेल्या सल्लागार मंडळात मान्यवर शास्त्रज्ञांच्या बरोबरीने विषाणूचे अस्तित्व नाकारणाऱ्यांनाही बसविण्यात आले. २००० च्या जुलैत दरबान येथे आंतरराष्ट्रीय एड्स परिषद भरली तेव्हा पाच हजारांहून अधिक शास्त्रज्ञांनी स्वाक्षऱ्या करून रोगाचे कारण निर्विवाद असल्याचे जाहीर केले. त्याच परिषदेत जन्मतःच लागण झालेला अकरा वर्षांचा न्कोसी जॉन्सन व्यासपीठावर उभा राहिला आणि गर्भवती मातांना औषध देण्याची विनंती त्याने सरकारला केली. पुढच्या वर्षी १ जून रोजी तो मरण पावला.

औषध तोवर उपलब्धही झाले होते. नेव्हिरापीन या औषधाची एक मात्रा प्रसूतीच्या वेळी मातेला आणि एक नवजात बालकाला दिली की लागणीचा धोका बऱ्याच प्रमाणात कमी होतो. ते पाच वर्षे मोफत पुरविण्याची तयारी उत्पादक कंपनीने दाखविली होती. आरोग्य खात्याने ते प्रत्येक प्रांतात दोन, अशा अठरा ठिकाणी प्रायोगिक म्हणून देण्याचे ठरविले. इतर सरकारी रुग्णालयांतील डॉक्टरांना, औषध आणि रुग्ण दोन्ही समोर असले तरी, ते देण्याची मनाई होती. म्पुमालांगा प्रांतातील एका सरकारी रुग्णालयाच्या अधीक्षकांनी, बलात्काराला बळी पडलेल्या स्त्रियांना लागण रोखणारी औषधे देणाऱ्या स्वयंसेवी गटाला रुग्णालयाच्या आवारात काम करू दिले, म्हणून त्यांना नोकरी गमवावी लागली. सरकारी नोकरीत कर्तव्य आणि आज्ञा यांच्यात अंतर पडले की काय होते, हे कारकुनापासून अधीक्षकापर्यंत कोणालाही वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

याविरुद्ध उभी राहिली ती ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेन ही संघटना. १९९८ च्या मानवी हक्क दिनी तिची स्थापना झाली. तिचे नेते झॅकी अकमत यांना स्वतःला लागण झाली होती, आणि औषध सरकारी दवाखान्यांत सर्वांना मिळेपर्यंत आपण ते घेणार नाही, असा निर्धार त्यांनी २००३ पर्यंत पाळला. संघटनेने मोर्चे काढले, वस्त्यावस्त्यांतून रोगाची माहिती सोप्या भाषेत शिकविली आणि घटनेच्या सत्ताविसाव्या कलमाचा आधार घेऊन सरकारला न्यायालयात खेचले. ५ जुलै २००२ रोजी घटना न्यायालयाने निकाल दिला. औषध अठरा ठिकाणांपुरते अडवून ठेवणे वाजवी नाही, निर्बंध विनाविलंब उठवावेत, असा त्याचा आशय होता. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये मंत्रिमंडळाने सर्व रुग्णांसाठी उपचाराची योजना आखण्यास खात्याला सांगितले आणि २००४ मध्ये उपचार सुरू झाले.

सुरू झाले, पण मनापासून नव्हे. आरोग्यमंत्री लसूण, बीट, लिंबू आणि आफ्रिकी कंद यांचे गुण गात राहिल्या. २००६ मध्ये टोरांटोच्या एड्स परिषदेत दक्षिण आफ्रिकेच्या सरकारी दालनात हीच भाजी मांडलेली जगाने पाहिली. लसणाशी कोणाचे वैर असण्याचे कारण नाही. मराठी स्वयंपाकघरात तर त्याचा मान मोठा आहे. पण आहार हा औषधाचा सोबती असतो. त्याला औषधाच्या जागी बसविणे हा एका डॉक्टर मंत्र्याने केलेला अपराधच म्हटला पाहिजे. खात्याच्या उपमंत्री नोझिझवे मडलाला-राउटलेज यांनी निराळा सूर लावला, त्यांना २००७ मध्ये पदावरून दूर करण्यात आले. २००८ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार २००० ते २००५ या काळातील या दिरंगाईने ३ लाख ३० हजारांहून अधिक लोकांचे प्राण गेले आणि सुमारे ३५ हजार बालके लागण घेऊन जन्मास आली. हा गणिती अंदाज आहे, हजेरीपटावरची मोजणी नव्हे. तो निम्म्यावर आणला तरी त्याचे ओझे हलके होत नाही.

आता त्याच मंत्रिमंडळातील दुसऱ्या खात्याकडे पाहावे. गरीब घरातील बालकाच्या पालनकर्त्याला दरमहा शंभर रँड देणारे बालसाहाय्य अनुदान १९९८ मध्ये, स्क्वेयिया येण्यापूर्वी सुरू झाले होते. सात वर्षांखालील मुलांपुरते ते मर्यादित होते. रक्कम क्षुल्लक, अट वयाची, आणि अर्जाला जन्मदाखला व ओळखपत्र जोडणे आवश्यक. ज्या स्त्रियांना वर्णद्वेषी राजवटीने नागरिक म्हणूनच कधी मोजले नव्हते त्यांनी दाखला आणावा कोठून? ज्या घराला अनुदानाची गरज सर्वांत अधिक, त्याच घरात कागद नसत. त्यातच अनुदान वाटपाचे काम प्रांतांकडे होते आणि प्रांतांचा कारभार सारखा नव्हता. ईस्टर्न केप प्रांताने तर हजारो अपंगांचे अनुदान त्यांना न कळविताच बंद केले होते. त्याविरुद्ध अशिक्षित, विखुरलेल्या लाभधारकांच्या वतीने एकत्रित दावा करता येतो, असा निर्णय सर्वोच्च अपील न्यायालयाने २००१ मध्ये दिला, आणि तो देताना प्रांतिक प्रशासनाची कानउघाडणी केली.

स्क्वेयियांच्या कारकिर्दीचे वैशिष्ट्य असे की, या टीकेला त्यांच्या खात्याने कट मानले नाही. वयाची मर्यादा २००३ मध्ये नऊ, २००४ मध्ये अकरा आणि २००५ मध्ये चौदा वर्षांपर्यंत नेण्यात आली. प्रांतांच्या हातून वाटप काढून घेऊन राष्ट्रीय सामाजिक सुरक्षा संस्था उभी करणारा कायदा २००४ मध्ये झाला. कायम वास्तव्याचा परवाना असलेल्या, पण नागरिक नसलेल्या मोझांबिकी कुटुंबांना अनुदानातून वगळणे घटनाबाह्य आहे, असे त्याच वर्षी घटना न्यायालयाने ठरविले, ते याच खात्याविरुद्धच्या दाव्यात. खाते हरले आणि अनुदानाचे दार रुंदावले. पुढे वयोमर्यादा अठरापर्यंत गेली. आज सुमारे एक कोटी तीस लाख मुलांसाठी हे अनुदान दिले जाते. त्या पैशाने दारिद्र्य नाहीसे झाले असे कोणी म्हणणार नाही. ज्या घरी तो लवकर पोचला तेथील मुलांचे पोषण आणि शाळेतील उपस्थिती सुधारली, असे अनेक अभ्यासांतून दिसले आहे, आणि एवढे श्रेय पुरेसे आहे.

दोन खात्यांतील अंतर येथे उघड होते. समाजकल्याण खात्याच्या लेखी तक्रार ही माहिती होती. कोणाला मिळाले, कोणाचे बंद पडले, कोणाचा अर्ज कागदाअभावी पडून आहे, याची दरमहा मोजदाद होत होती आणि आकडा चुकला तर तो दाखवून देणाऱ्या संस्था बाहेर उभ्या होत्या. आरोग्य खात्याच्या लेखी तक्रार हा द्रोह होता. तक्रार करणारे परक्या कंपन्यांचे हस्तक ठरले, इशारा देणारे शास्त्रज्ञ वसाहतवादी ठरले. मृत्यूच्या आकड्यांवरही वाद घालण्यात आला.

हा सद्गुण एखाद्या खात्याच्या भिंतींत मुरलेला नसतो, हेही पुढे दिसून आले. २००८ च्या सप्टेंबरमध्ये म्बेकी पायउतार झाले, बार्बरा होगन आणि त्यांच्यानंतर डॉ. ॲरन मोत्सोआलेदी आरोग्यमंत्री झाले. दवाखाने तेच होते, परिचारिकाही त्याच. २०१० पासून डॉक्टरांची वाट न पाहता प्रशिक्षित परिचारिकांना उपचार सुरू करण्याचा अधिकार मिळाला आणि ही उपचारयोजना काही वर्षांतच जगातील सर्वांत मोठी ठरली. २००५ च्या सुमारास पन्नाशीच्या थोड्या पुढे घसरलेले सरासरी आयुर्मान दहा-बारा वर्षांत साठीच्या वर गेले.

समाजकल्याण खाते नेमके उलट्या दिशेने गेले. २०१२ मध्ये एका खासगी कंपनीला अनुदान वाटपाचा ठेका देण्यात आला. घटना न्यायालयाने तो बेकायदा ठरविला, पण लाभधारकांचे हाल होऊ नयेत म्हणून पर्यायी व्यवस्थेसाठी मार्च २०१७ पर्यंतची मुदत दिली. मंत्री बाथाबिले ड्लामिनी यांच्या खात्याने ही वर्षे वाया घालविली. मुदत संपत आली तरी व्यवस्था तयार नव्हती आणि १ कोटी ७० लाख अनुदाने टांगणीला लागली. अखेर त्याच बेकायदा ठेक्याला न्यायालयालाच वर्षभराची मुदतवाढ द्यावी लागली. २०१८ मध्ये न्यायालयाने दाव्याच्या खर्चाचा पाचवा हिस्सा मंत्र्यांनी स्वतःच्या खिशातून भरावा, असा आदेश दिला. २०२२ मध्ये चौकशीपुढे खोटी साक्ष दिल्याबद्दल ड्लामिनी यांना दोषी ठरविण्यात आले. खर्चाचा हिस्सा मोठा नव्हता. पण खात्याच्या चुकीचा दंड करदात्यांच्या पैशातून भरण्याची जी चाल सर्वच देशांत रूढ आहे, तिला या आदेशाने छेद दिला.

तरीही न्यायालय आणि संघटना असल्या म्हणजे सारे निभावते, असे समजण्याचे कारण नाही. ज्यांना बोलता येत नाही त्यांच्यापुढे ही सारी यंत्रणा किती तोकडी पडते, हे ‘लाइफ एसिडिमेनी’ प्रकरणाने दाखविले. जोहान्सबर्गच्या परिसरातील या खासगी रुग्णालयात खाउटेंग प्रांत सरकारच्या खर्चाने दीर्घकालीन मनोरुग्णांची देखभाल होत असे. एका रुग्णामागे दिवसाला ३२० रँड परवडत नाहीत, असे सांगून प्रांताने २०१५ च्या अखेरीस करार मोडण्याचे जाहीर केले. मनोरुग्णांना बंदिस्त संस्थेपेक्षा समाजात ठेवावे, या आधुनिक तत्त्वाचाही आधार घेण्यात आला. तत्त्व चांगले होते. प्रत्यक्षात रुग्ण ज्या सत्तावीस संस्थांकडे सोपविले गेले त्यांपैकी एकीचाही परवाना वैध नव्हता आणि त्यांना दिवसाला ११२ रँड मिळणार होते. नातेवाईक आणि मानसिक आरोग्याच्या क्षेत्रातील संघटना आधीच न्यायालयात गेल्या होत्या, परंतु २०१६ च्या मार्चमध्ये त्यांचा अर्ज फेटाळला गेला. मग काही महिन्यांत चौदाशेहून अधिक रुग्ण हलविण्यात आले; काहींना तर उघड्या वाहनांतून नेले. अनेकांची कागदपत्रेही सोबत गेली नाहीत. आपला भाऊ किंवा मुलगी कोणत्या संस्थेत आहे, हे कुटुंबांना कळेना. उपासमार, निर्जलीकरण, थंडी आणि अनास्था यांनी १४४ जण मरण पावले.

प्रांताच्या आरोग्य खात्याच्या प्रमुख मंत्री केदानी माहलांगू यांनी सप्टेंबर २०१६ मध्ये विधिमंडळाला मृतांचा आकडा ३६ सांगितला होता. आरोग्य लोकपाल प्रा. मालेगापुरू मकगोबा यांचा अहवाल २०१७ च्या फेब्रुवारीत आला तेव्हा तो ९४ निघाला, आणि नंतर वाढतच गेला. मंत्र्यांनी राजीनामा दिला. माजी न्यायमूर्ती डिकगांग मोसेनेके यांनी लवादापुढे कुटुंबांची साक्ष ऐकून मार्च २०१८ मध्ये घटनात्मक हक्कांच्या पायमल्लीबद्दलच प्रत्येकी दहा लाख रँड आणि त्याखेरीज इतर भरपाई देण्याचा निवाडा दिला. २०२४ च्या जुलैत मृत्युचौकशी न्यायालयाने नऊ मृत्यूंच्या बाबतीत माजी मंत्री आणि मानसिक आरोग्य विभागाच्या तत्कालीन संचालिका यांची जबाबदारी नमूद केली. १४४ पैकी नऊ, तेही आठ वर्षांनी.

याच प्रांताच्या आरोग्य खात्यात बबिता देवकरण या हिशेब विभागातील वरिष्ठ अधिकारी होत्या. टेंबिसा रुग्णालयाच्या खरेदीतील सुमारे ८५ कोटी रँडच्या संशयास्पद देयकांकडे त्यांनी वरिष्ठांचे लक्ष वेधले आणि ती थांबविण्याची खटपट केली. २३ ऑगस्ट २०२१ रोजी, मुलीला शाळेत सोडून त्या परतत असता घराजवळ त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. मारेकऱ्यांना २०२३ मध्ये शिक्षा झाली. सार्वजनिक आरोग्यातील नेतृत्वाची चर्चा करताना मंत्र्यांची नावे घेतली जातात, ते स्वाभाविक आहे. देयकावर सही करण्यास नकार देणारा माणूस त्या चर्चेत सहसा येत नाही.

आता दक्षिण आफ्रिकेपुढे दोन प्रश्न आहेत. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत गोठविल्यापासून एचआयव्ही कार्यक्रमाच्या खर्चापैकी सुमारे सतरा टक्के भाग पुरविणारा स्रोत आटू लागला आणि त्यावर चालणारे अनेक दवाखाने बंद पडले. औषधे मुख्यत्वे देशाच्या स्वतःच्या पैशाने विकत घेतली जातात, ही त्यातल्या त्यात दिलाशाची बाब. पण रुग्णाला शोधून आणणारा आणि उपचार सोडलेल्याच्या दारी जाणारा कार्यकर्ता परक्या पैशावर काम करीत होता. दुसरा प्रश्न राष्ट्रीय आरोग्य विम्याचा. अध्यक्ष सिरिल रामफोसा यांनी १५ मे २०२४ रोजी या विधेयकावर स्वाक्षरी केली. सरकारी आणि खासगी आरोग्यसेवेतील दरी बुजवून सर्वांसाठी एकच निधी उभारण्याचा त्याचा हेतू आहे, आणि ज्या देशात खासगी विम्याच्या सावलीत असलेले लोकसंख्येच्या सहाव्या हिश्श्याइतकेच आहेत तेथे तो हेतू न्याय्यच म्हणावा लागेल. मात्र या प्रचंड निधीच्या कारभारात आरोग्यमंत्र्यांना फार मोठे अधिकार मिळतात. निधीच्या संचालक मंडळाची नेमणूकही त्यांच्याच हाती राहते. डॉ. मोत्सोआलेदी २०२४ पासून पुन्हा त्या पदावर आहेत आणि त्यांची मागची कारकीर्द भरवसा वाटावा अशी आहे. कायदा मात्र एका मंत्र्यासाठी होत नसतो; त्याच खुर्चीवर नऊ वर्षे डॉ. मान्टो त्शबालाला-म्सिमांग बसल्या होत्या. या कायद्याला आव्हान देणारे अर्ज न्यायालयांत दाखल झाले आहेत. त्यांत डॉक्टरांच्या संघटना आणि विमा योजना आघाडीवर आहेत. सरकारी दवाखान्याच्या रांगेत उभ्या असलेल्या रुग्णांच्या वतीने मंडळाच्या नेमणुका, हिशेब आणि तक्रारींची दाद यांविषयी तितक्याच आग्रहाने बोलणारे कोण पुढे येते, इकडे तेथील लोकांचे लक्ष लागलेले असेल.